सारंगीवरची पाच बोटं

अठरा वर्षं मला आमच्या घरात एकाच गोष्टीची बंदी होती. चुलीपासून देवघरापर्यंत सगळं माझ्या हाती, सासऱ्यांच्या हत्यारांची पेटीसुद्धा माझ्याच ताब्यात. फक्त सारंगीच्या कातड्याला हात लावायचा नाही. का, ते मला ठाऊक होतं, निदान ठाऊक आहे असं मी धरून चालले होते. माझ्याच हातून घडलेली चूक, मग बोल कुणाला लावणार? तरी राग यायचाच. मला राग लवकर येतो आणि जायला वेळ लागतो, हे आमच्या गल्लीत कुणीही सांगेल.

माझे सासरे सारंग्या करतात. सगळं घर त्यांना आप्पा म्हणतं, म्हणून मीही आप्पाच म्हणते. बेळगावात सारंगी वाजवणारे बोटांवर मोजण्याइतके, त्यामुळं घर चाललं ते बाजाच्या पेटीच्या दुरुस्तीवर. कुठल्या भजनी मंडळाच्या पेटीचा भाता फाटला, कुणाचा सूर बसला, की ती आमच्या दारात. पण वर्षा-दोन वर्षांतून एक सारंगी आप्पा करायचेच, कुणी मागो न मागो. तुनीच्या लाकडाचा अखंड ओंडका घ्यायचा, त्यातनंच मान, त्यातनंच पोट, कुठं जोड म्हणून नाही. पोट कोरून पोकळ करायचं, त्यावर बकऱ्याचं कातडं मढवायचं, कातड्यावर घोडी उभी करायची आणि घोडीवरनं तारा न्यायच्या. लाकूड कितीही भारी असू दे, कातडं नीट ताणलं नसेल तर सारंगी नाक चोंदल्यासारखी बोलते. आत्ता हे मी घडाघडा सांगतेय. लग्न होऊन आले तेव्हा सारंगी आणि सतार यातला फरकही मला कळत नव्हता.

मी गुंजीची, शेतकऱ्याची पोर. स्टेशनाच्या पलीकडं आमची भाताची खाचरं. आमच्याकडं खंडेनवमीला नांगर, विळे, कोयते धुऊन अंगणात मांडायचे आणि प्रत्येकाला हळदीची पाच बोटं उठवायची. नवी वस्तू असली तर ठळक उठवायची, अगदी समोरच्या बाजूला, देवाला आणि माणसांना दोघांनाही दिसली पाहिजेत.

सासरचा पहिला दसरा आला तेव्हा घरात मला सांगणारं बाईमाणूस कुणी नव्हतं. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. आप्पा आणि आमचे हे, दोघंच पुरुष, दोघंही बोलायला कंजूष. आप्पांनी पटाशा, करवती, रंधे, गज असं सगळं पाटावर मांडलं आणि आंघोळीला गेले. मधोमध एक नवी कोरी सारंगी होती. निपाणीकडच्या एका गावातले शाळामास्तर दुसऱ्या दिवशी ती न्यायला येणार होते. मी हळद कालवली, जरा पातळच झाली, आणि सगळ्या हत्यारांना बोटं लावत लावत सारंगीपाशी आले. केवढी सुंदर दिसत होती. पांढरंशुभ्र कातडं, त्यावर एक डाग नाही. माझ्या जिवाला वाटलं, हिला सगळ्यात चांगली लावूया. पाचही बोटं हळदीत बुडवली आणि त्या कातड्यावर, बरोब्बर पुढनं, दाबून उठवली.

आप्पा ओल्या धोतरानं बाहेर आले आणि जागच्या जागी थांबले. या घरात सारंगीला हळद लावायची ती पाठीमागं, लाकडाला. कातड्याला पाण्याचा थेंबसुद्धा लागू द्यायचा नसतो. ते मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं. त्यांनी पंच्याच्या टोकानं ती हळद हळूच टिपून घेतली. पाणी निघालं, पिवळं राहिलं. मी भिंतीला टेकून उभी, आता काय ऐकावं लागणार म्हणून. ते एवढंच म्हणाले, "कातड्याला हात न्हाय लावायचा, पोरी. बाकी सगळ्याला लाव."

दुसऱ्या दिवशी मास्तर आले. सारंगी फिरवून फिरवून बघितली, पाच पिवळी बोटं बघितली, आणि माझ्याकडं न बघताच म्हणाले, "असू दे. आमची सारंगी वळखू तरी येईल." तारांवर गज फिरवला. आवाज ठीक होता, वाईट काही झालं नव्हतं. मी मात्र स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडले. नवीन नवीन होते, लाज फार वाटायची तेव्हा.

पुढं काय झालं म्हणाल तर मी त्या कामात शिरले. ठरवून नाही. हे उद्यमबागला फौंड्रीत जाणार, घरी मी आणि आप्पा. रिकाम्या हातानं बसवत नाही मला. आधी काचकागद मारायला लागले, मग खुंट्या घासायला, मग तरफांच्या तारा ओवायला. तरफा म्हणजे खालच्या बारीक तारा, त्यांना गज लागत नाही, वरची तार बोलली की त्या आपोआप गुणगुणतात. त्या ओवायला नजर लागते आणि सोशिकपणा लागतो. नजर होती, सोशिकपणा आप्पांनी शिकवला. लाकडाचं पोट कोरताना किती ठेवायचं आणि किती काढायचं, ते त्यांनी कधी मापानं सांगितलं नाही. अंगठा आत आणि तर्जनी बाहेर, अशी चिमूट धरायला लावायचे आणि विचारायचे, "काय म्हणतंय?" सुरुवातीला मी म्हणायची, लाकूड कुठं बोलतंय का आप्पा. पाच-सहा वर्षांनी मला ते चिमटीत कळायला लागलं. त्यांच्या आधी कळायला लागलं, असं तेच एकदा ह्यांना म्हणाले. माझ्या तोंडावर नाही, ह्यांना.

पण कातड्याचा दिवस आला की मला बाहेर काढायचे. आदल्या दिवशी कातडं भिजत पडलं की मी समजून जायची. सकाळी आप्पा म्हणणार, "पोरी, बाजारला जाऊन ये बघू." भाजी घरात भरलेली असली तरी. मी आले की खोलीचं दार ओढलेलं. एकदा तर मला कोथिंबीर आणायला पाठवलं आणि परसात कोथिंबिरीचा वाफा लवलवत होता. मी आल्यावर भांडी आपटली. त्यांना ऐकू गेलं असणारच. संध्याकाळी जेवताना म्हणाले, "आमटी झकास झालीय." म्हणजे विषय मिटला, त्यांच्यापुरता. मला मात्र डाचत राहायचं. एक चूक, ती पण नकळत केलेली, आणि शिक्षा जन्माची. घरात आम्ही एकमेकांना जपायचो, त्यांचं पथ्य, त्यांच्या गोळ्या, माझी पाठ दुखली की तेच तेल गरम करून वाटी पुढं सारायचे. सगळं होतं. तेवढा एक विश्वास नव्हता, असं मला वाटायचं.

गेल्या वर्षी आप्पांचे हात थरथरायला लागले. आधी चहाची बशी वाजायची, मग पटाशी लाकडावरनं सटकायला लागली. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, गोळ्यांनी थोडं कमी होईल. थोडं कमी झालं. बाकी सगळं काम मी उचललं, आणि ते शेजारी स्टुलावर बसून चिमूट धरायला सांगायचे. कातड्याचा प्रसंगच आला नव्हता.

यंदा गणपती झाले आणि मास्तरांचा फोन आला. सारंगीचं कातडं घोडीपाशी चिरलं होतं. पावसाळाभर दमट हवा, त्यात कातडं अठरा वर्षांचं, चिरणारच. दोन दिवसांनी ते एसटीनं आले, सारंगी सोलापुरी चादरीत गुंडाळून मांडीवर घेऊन. आता पार म्हातारे झालेत. नवरात्रात त्यांच्या गावच्या देवीपुढं रोज संध्याकाळी तेच वाजवतात. आप्पांचे हात त्यांनी बघितले. मग म्हणाले, "मिरजेला दिऊ काय? तुमाला तरास नगं."

आप्पा म्हणाले, "माझी सारंगी दुसरा कोण उघडणार न्हाय, मास्तर. मी असेपर्यंत तरी न्हाय."

मास्तर गेल्यावर आप्पांनी चिरलेलं कातडं काढलं. पाच बोटं अजून त्यावर होती, फिकट, चहाच्या डागासारखी. त्यांनी ते कागदात गुंडाळून फळीवर ठेवलं. मग नवीन कातडं भिजत घातलं आणि सकाळी मला बाजारला पाठवलं. मी गेले नाही. ओढलेल्या दाराबाहेर, पायरीवर बसून राहिले.

कातडं मढवायचं म्हणजे ते ओलं असतानाच कडांना सरस लावून चारी बाजूंनी ताणायचं, जिथं ताण बसला तिथं बारीक चुका ठोकायच्या. चुका म्हणजे बारीक खिळे. ताण सगळीकडनं सारखा पाहिजे. हात थरथरला की एका बाजूला जास्त ओढलं जातं, दुसरी बाजू सैल पडते, आणि वाळल्यावर सुरकुती धरते. आतनं हातोडीचे आवाज येत होते, मधेच थांबत होते. मग काहीतरी फाटल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं आप्पा नाक ओढतात तसं ऐकू आलं. सर्दी नव्हती त्यांना.

दुसऱ्या दिवशी परत तेच. दुसरं कातडंही गेलं. आता एकच उरलं होतं आणि घट बसायला आठवडासुद्धा नव्हता.

मी दार ढकललं. आप्पा स्टुलावर, मांडीवर उघड्या पोटाची सारंगी, आणि दोन्ही हात तिच्यावर ठेवून बसलेले, म्हणजे थरथर दिसू नये. माझा तोल गेला. जे अठरा वर्षं पोटात होतं ते सगळं बाहेर आलं. म्हटलं, "आप्पा, एकदा चुकले मी. एकदा. त्याला किती वर्षं झाली? सगळं शिकवलासा, एवढंच न्हाय शिकवलं. लाकूड माझ्या हातात देता, कातडं न्हाय. माझा हात एवढा वाईट हाय काय?"

त्यांना मी काय म्हणतेय तेच कळेना. "कसली चूक?"

"हळदीची."

"येडी काय तू? त्यात कसली आलीय चूक. मास्तरला आवडली ती." मग मान खाली घालून म्हणाले, "तुझ्या बाबास्नी शबूद दिलाय मी."

बाबा म्हणजे माझे वडील, गुंजीचे. हळूहळू सगळं बाहेर आलं. लग्न ठरताना गावात कुणीतरी कुजबुजलं होतं, त्या घरात जनावराचं कातडं हाताळतात म्हणून. भावकीतही बोलणं झालं. बाबांना स्थळ मोडायचं नव्हतं, मुलगा चांगला होता, घर चांगलं होतं. ते एकटेच बेळगावला आले आणि आप्पांना म्हणाले, पोरगी देतो, पण तिला कातड्याला हात लावायला लावू नका. आप्पा म्हणाले, न्हाय लावणार. एवढंच. दोघांनी चहा घेतला आणि झालं.

मला आधी हसू आलं आणि मग असा संताप आला की विचारू नका. माझ्या हातांचा करार दोन म्हाताऱ्यांनी परस्पर करून टाकला, आणि मला कुणी विचारलं नाही, सांगितलंही नाही. आणि भावकीचं तर काय सांगावं. भजनाला हीच माणसं पुढं बसणार, मृदंग घुमला की माना डोलावणार, आणि त्याचं कातडं ज्यानं ओढलं त्याला लांब बसवणार. पण समोर आप्पा तसे बसलेले. कोथिंबिरीचा वाफा परसात असताना मला बाजारात का पाठवायचे, ते आत्ता उमगलं. माझ्यावर विश्वास नव्हता असं नाही. दिलेला शब्द ते इतकी वर्षं पाळत होते, आणि मी भांडी आपटत होते. लाज वाटली मला. त्या दाराबाहेरचा प्रत्येक रुसवा फोल ठरला एका क्षणात.

"मी फोन करते बाबांना," मी म्हटलं.

"कर. शबूद त्यास्नी दिलाय. त्यांनी सोडला तर सुटंल. तू सोडून सुटायचा न्हाय तो."

फोनवर मी बाबांना काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. ते ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "येतो," आणि फोन ठेवला.

सकाळच्या गाडीनं आले. हातात पिशवी, पिशवीत गावठी काकड्या आणि नाचणीचं पीठ. माझे बाबा आमच्याकडं वर्षातनं दोन-तीनदा तरी येतात, पण नेहमी बाहेरच्या खोलीत बसतात, कामाच्या खोलीकडं पाठ करून. माझ्या ते कधी ध्यानात आलं नव्हतं. त्या दिवशीही तिथंच बसले. आप्पा बाहेर आले. दोघं एकमेकांना पावणं म्हणतात. बराच वेळ भाताबद्दल बोलणं झालं, पाऊस किती, करपा किती. मी दारात उभी राहून वाट बघत होते, कोण आधी बोलतंय ते.

बाबाच बोलले, पण माझ्याकडं बघून. "तवा मला भ्या वाटलं गं. तुला कोण काय म्हणंल, तुझ्या पोराबाळांस्नी कोण काय म्हणंल. मी काय लई शिकलेला माणूस न्हाय. पावण्यास्नी मागितलं, त्यांनी दिलं. पर ते एवढं पाळतील, आणि ह्या वयात हाल काढतील, असं कुठं ठाऊक हुतं मला."

"तुम्ही मागितलासा म्हणून दिलो," आप्पा म्हणाले. "पोरीच्या बापानं मागितलं की न्हाय म्हणायचं नसतंय."

"मग आता सोडतो मी," बाबा म्हणाले. "लावू दे तिला."

मी डोळे पदरानं पुसले आणि सरळ आप्पांनी रात्रीच कातडं भिजत घातलेल्या पातेल्यापाशी गेले. उरलेलं शेवटचं कातडं. हातात घेतलं, गार, बुळबुळीत, पण पातळ आणि घट्ट. एवढ्यासाठी अठरा वर्षं. पण मढवायला एकटीचे हात पुरत नाहीत. एकानं कड धरून ठेवायची आणि दुसऱ्यानं समोरनं ओढायची. आप्पांच्या हातात जोर होता तेव्हा ते गुडघ्यात धरून एकटे करायचे, मला ते जमणार नव्हतं. हे कामावर गेलेले. आप्पांनी आपले हात बघितले आणि मांडीखाली सारले.

बाबा उंबऱ्याबाहेर उभे होते. त्यांनी सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत सारल्या आणि आत आले. "कुठं धरू?" म्हणाले.

मी त्यांच्या हातात कड दिली. नांगर धरलेले, बैलाची वेसण धरलेले हात ते, एकदा धरलं की हलत नाहीत. मी समोरनं ओढत गेले. आप्पा स्टुलावरनं सांगत होते, "डावीकडं जरा. पुरे. आता ठोक. पावणं, सोडू नगासा." बाबा म्हणाले, "सोडतोय कुठं." चारी बाजू झाल्या, मधे अंगठ्यानं दाबून बघितलं. आप्पांनी विचारलं, "काय म्हणतंय?" मी म्हटलं, "सारखं हाय." त्यांनीही दाबून बघितलं, थरथरत्या बोटानं, आणि मान हलवली.

मी हात धुवायला पाणी आणलं. बाबांनी हात धुतले आणि आप्पांच्या शेजारी, लाकडाच्या भुश्यातच फतकल मारून बसले. मी म्हटलं, बाहेर चला, चहा टाकते. "हितंच आण," ते म्हणाले. "आमी बसतो हितं." दोघं बराच वेळ तिथंच बसले. मी काकडी कापून दिली, ती बाबांनी आप्पांना मीठ लावून एकेक फोड हातात दिली, कारण आप्पांच्या हातनं बशी हिंदकळते.

कातडं सावलीत वाळायला चार दिवस लागले. सुरकुती कुठंही नव्हती. मी घोडी बसवली, तारा चढवल्या. मास्तर घट बसायच्या आदल्या दिवशी येणार होते, म्हणजे यंदा सारंगी खंडेनवमीला आमच्या घरी नसणार. आप्पांनी मला सकाळी हाक मारली आणि म्हणाले, हळद कालव. मी पाठीमागच्या लाकडाला लावायला सारंगी उलटी केली.

"पुढनं लाव," ते म्हणाले.

"आप्पा, डाग पडंल."

"पडू दे. आधी पडला हुता तवा मी मढवलेलं हुतं. आता तू मढवलीयास. मास्तर वळखतील."

या वेळी मी हळद घट्ट कालवली, कातड्याला पाणी लागू नये म्हणून. पाचही बोटं बुडवली. आप्पांनी माझं मनगट धरलं, आणि त्या कातड्यावर, बरोब्बर पुढनं, मी ती दाबून उठवली.